सरोवराची वाट

स्कॉटलंडमध्ये दक्षिणेकडील सपाट शेते संपून उत्तरेकडील डोंगरी मुलूख जेथे सुरू होतो, तेथे ट्रॉसॅक्स नावाचा एक रमणीय प्रदेश आहे. त्या प्रदेशाच्या कुशीत लॉख कॅट्रीन हे सुमारे आठ मैल लांबीचे सरोवर पसरले आहे. सरोवराला तिकडे लॉख असे म्हणतात. त्याच्या तीरावर ओक आणि भूर्ज वृक्षांची दाट राने आहेत. दक्षिणेस बेन व्हेन्यू हा पर्वत उभा आहे आणि पूर्वेच्या टोकाशी झाडांनी झाकलेली लहान लहान बेटे पाण्यावर तरंगत असल्यासारखी दिसतात.

आज या सरोवराच्या काठाने कोणीही फिरू शकतो. परंतु एके काळी ट्रॉसॅक्सच्या खिंडीतून पलीकडे जाण्यास धड वाटसुद्धा नव्हती. झाडांच्या फांद्या आणि मुळे यांची जी एक ओबडधोबड शिडी तयार झाली होती, तिच्यावरून चढून वाटसरूला बाहेर पडावे लागे. पुढे रस्ता झाला. पण केवळ रस्ता झाल्याने लोक येत नाहीत. तेथे जावे असे त्यांच्या मनात यावे लागते. ही ओढ हजारो लोकांच्या मनात ज्याने निर्माण केली, त्या माणसाचा उजवा पाय अधू होता. त्याचे नाव वॉल्टर स्कॉट.

वॉल्टरचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजी एडिंबरो शहरात झाला. त्याचे वडील कायद्याच्या कामात निष्णात होते आणि आई वैद्यकशास्त्राच्या एका प्राध्यापकाची मुलगी होती. त्यांचे घर एका अरुंद, कोंदट गल्लीत होते. वॉल्टरच्या आधी जन्मलेली अनेक भावंडे तान्हेपणीच दगावली होती. वॉल्टर मात्र सुदृढ निघाला. तो दीड वर्षाचा असताना एका रात्री त्यास ताप भरला. तीन-चार दिवसांनी ताप उतरला, तेव्हा आईच्या ध्यानात आले, की मुलाच्या उजव्या पायातील शक्तीच नाहीशी झाली आहे. आज या रोगाला पोलिओ म्हणतात. त्या काळी त्याचे नावही कोणास ठाऊक नव्हते, मग उपचार कोठून असणार? अनेक उपाय झाले, पण गुण आला नाही. अखेरीस आईच्या वडिलांनी, ते स्वतः वैद्य असल्याने, मुलाला शहराबाहेर मोकळ्या हवेत ठेवण्याचा सल्ला दिला.

त्याप्रमाणे लहानग्या वॉल्टरची रवानगी सँडीनाऊ येथे आजोबांच्या शेतावर झाली. हे शेत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या सीमेजवळील टेकड्यांत होते. जवळच एका खडकावर जुन्या काळचा बुरूज उभा होता. शेतावरील माणसांनी आपापल्या समजुतीप्रमाणे मुलावर उपचार सुरू केले. मेंढी कापली, की तिच्या ऊबदार कातड्यात त्यास गुंडाळून बैठकीच्या खोलीत जमिनीवर ठेवीत. त्याने रांगावे म्हणून म्हातारे आजोबा नाना प्रकारे त्यास चुचकारीत. त्यांचे एक वृद्ध नातलग पूर्वी सैन्यात अधिकारी होते. ते आपला लष्करी पोशाख अंगावर असतानाच गुडघे टेकून बसत आणि खिशातील घड्याळ जमिनीवरून हळूहळू ओढीत. चकाकणारे घड्याळ धरण्यासाठी मूल पुढे सरके.

हवा चांगली असली, की शेतावरील गुराखी त्या मुलास उचलून टेकडीवर नेई आणि मेंढ्या चरत असत तेथे गवतावर निजवी. एकदा टेकडीवर निजविलेल्या मुलाची कोणास आठवणच राहिली नाही. इतक्यात आकाश भरून आले आणि विजा चमकू लागल्या. घाबरलेली आत्या धावत टेकडीवर गेली, तो मूल उताणे पडून प्रत्येक विजेसरशी आनंदाने टाळ्या पिटीत आहे, असे तिला दिसले. निसर्गाचे भय या मुलास कधी वाटलेच नाही. माळावर सतत राहून त्याच्या अंगात बळ आले. तो आधी उभा राहू लागला, मग चालू लागला आणि पुढे धावूही लागला. पाय मात्र जन्मभर अधूच राहिला.

सँडीनाऊ येथे त्यास आणखी एक ठेवा मिळाला. हिवाळ्याच्या लांब रात्री शेकोटीशी बसून आजी त्यास सीमेवरील शूर लुटारूंच्या आणि लढायांच्या गोष्टी सांगे. जेनेट आत्या त्यास जुने पोवाडे वाचून दाखवी. वाचता येऊ लागण्यापूर्वीच त्यातील एक लांबलचक पोवाडा त्याने मुखोद्गत केला. गावचे धर्मोपदेशक भेटीस आले, की हा मुलगा तो पोवाडा एवढ्या मोठ्याने म्हणे, की त्या बिचाऱ्यांना एक शब्दही बोलता येत नसे. डोंगर आणि गोष्ट यांची सांगड त्याच्या मनात बालपणीच बसली, ती कायमचीच. कोणतीही टेकडी पाहिली, की येथे कोण राहिला, कोण लढला, हे जाणून घेतल्यावाचून त्यास चैन पडत नसे.

पुढे वॉल्टर एडिंबरोस परतला आणि १७७९ मध्ये तेथील विद्यालयात जाऊ लागला. वर्गात त्याचा क्रमांक कधी वर, तर कधी खाली असे. परंतु पाऊस पडत असला आणि बाहेर खेळता येत नसले, म्हणजे मुले त्याच्याभोवती गोष्ट ऐकण्यासाठी गोळा होत. पाय अधू म्हणून कोणी आपली कीव करावी, हे त्यास रुचत नसे. एडिंबरोचा किल्ला एका उंच कड्यावर आहे. त्या कड्याच्या अंगाने जाणारी एक निमुळती, धोक्याची वाट होती. तिच्यावरून चढून जाण्यात शाळेतील धाडसी मुले भूषण मानीत, आणि त्या मुलांत वॉल्टरही असे.

वयाच्या पंधराव्या वर्षी तो वडिलांच्या कचेरीत उमेदवारी करू लागला. दिवसभर दस्तऐवजांच्या नकला कराव्या लागत. याच सुमारास एका प्राध्यापकाच्या घरी त्यास स्कॉटलंडचा थोर शेतकरी-कवी रॉबर्ट बर्न्स याचे दर्शन घडले. भिंतीवरील एका चित्राखालच्या ओळी वाचून बर्न्सचे डोळे पाणावले. त्या ओळी कोणाच्या, असे त्याने विचारले. तेथे मोठमोठे विद्वान बसले होते, पण कोणासच सांगता येईना. एका कोपऱ्यात बसलेल्या या मुलास मात्र ते ठाऊक होते. बर्न्सने कौतुकाने त्याच्याकडे पाहिले. ती नजर स्कॉट जन्मभर विसरला नाही.

सुटी मिळाली, की तो पायी भटकंतीस निघे. एक पाय लंगडत असतानाही तो दिवसाकाठी वीस ते तीस मैल चालून जाई. कोठे जुना किल्ला आहे, कोठे रणभूमी आहे, असे कळले, की त्याचे पाय तिकडे वळत. एकदा असाच काही दिवस बेपत्ता होऊन तो परतला. वाटेत काय खाल्ले, असे वडिलांनी विचारले. खेड्यातील लोकांनी दिलेले दूध आणि कुंपणावरची फळे, एवढ्यावरच निभावल्याचे त्याने सांगितले आणि आपणास बासरी वाजविता आली असती, तर बरे झाले असते, असेही तो बोलून गेला. हा मुलगा दारोदार फिरणारा वाजंत्री होणार, असे म्हणून वडिलांनी कपाळाला हात लावला.

उमेदवारीच्या त्या काळातच त्यास लॉख कॅट्रीनचे प्रथम दर्शन झाले, आणि तेही मोठ्या विचित्र रीतीने. डोंगरी मुलुखातील काही कुळांवर न्यायालयाचा हुकूम बजावायचा होता. ती माणसे दांडगी असल्याने विरोध होण्याचा संभव होता. म्हणून कोवळ्या वयाच्या या कारकुनाबरोबर एक हवालदार आणि सहा शिपाई देण्यात आले. पुढे शिपाई, मागे शिपाई, बंदुका भरलेल्या आणि मध्ये स्कॉट, अशा थाटात त्याने त्या सुंदर खोऱ्यात पाऊल टाकले. हवालदार डोंगरी मुलुखाचाच रहिवासी होता. सरोवराच्या पश्चिम टोकाशी ग्लेनगाईल येथे १६७१ मध्ये रॉब रॉय मॅक्‌ग्रेगर नावाचा एक प्रसिद्ध बंडखोर जन्मला होता. त्याच्या साहसांच्या कथा हवालदार वाटभर सांगत होता. मुक्कामी पोहोचल्यावर पाहतात तो घर रिकामे. कुळे आधीच निघून गेली होती! बंदुकांचे काम पडलेच नाही. स्कॉट तेथून परतला तो सरोवराचे रूप आणि रॉब रॉयच्या गोष्टी मनात साठवून.

१७९२ मध्ये स्कॉट वकील झाला. त्याच वर्षी लिडेसडेल नावाच्या सीमेवरील एका दुर्गम खोऱ्यात त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, त्या पुढे सात वर्षे चालू राहिल्या. त्या खोऱ्यात गाडीरस्ता नव्हता आणि खाणावळही नव्हती. आज एखाद्या धनगराच्या झोपडीत, तर उद्या एखाद्या धर्मोपदेशकाच्या घरी, असा मुक्काम पडे. वृद्ध स्त्रीपुरुषांच्या ओठांवर जे जुने पोवाडे होते, ते ऐकावे आणि लिहून घ्यावे, हा त्याचा हेतू होता. ती माणसे गेली, म्हणजे त्यांची गाणीही त्यांच्याबरोबर जाणार, हे त्याने ओळखले होते. १८०२ आणि १८०३ मध्ये या पोवाड्यांचा संग्रह तीन खंडांत प्रसिद्ध झाला. दरम्यान १७९७ मध्ये शार्लट नावाच्या फ्रेंच कुळातील तरुणीशी त्याचा विवाह झाला आणि १७९९ मध्ये सेलकर्क परगण्याचा शेरीफ म्हणून त्याची नेमणूक झाली.

दुसऱ्यांचे पोवाडे गोळा करता करता स्कॉट स्वतःच शाहीर बनला. १८०५ आणि १८०८ मध्ये त्याची दोन दीर्घ कथाकाव्ये लोकांनी डोक्यावर घेतली. आता तिसरे काव्य लिहिताना त्यास तारुण्यात पाहिलेले ते सरोवर आठवले. स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स वेषांतर करून शिकारीस जातो. हरिणाचा पाठलाग करता करता त्याचा घोडा मरून पडतो. राजा एकटाच लॉख कॅट्रीनच्या तीरावर येतो आणि शिंग फुंकतो. तो आवाज ऐकून एलन नावाची मुलगी बेटावरून होडी वल्हवीत येते. येथून कथा रंगू लागते. या काव्याचे नाव 'द लेडी ऑफ द लेक', म्हणजे सरोवराची स्वामिनी.

कथा कल्पित असली, तरी भूमी खरी होती, आणि भूमीविषयी खोटे लिहिणे स्कॉटला मान्य नव्हते. काव्यातील एक स्वार व्हेन्नाखर सरोवराच्या काठावरून निघून ठराविक वेळात स्टर्लिंगच्या किल्ल्याशी पोहोचतो. हे खरोखर शक्य आहे काय, अशी शंका येताच स्कॉट स्वतः घोड्यावर बसला आणि तेवढे अंतर भरधाव दौडत गेला. वेळ जुळली, तेव्हाच त्याचे समाधान झाले. वाटेतील प्रत्येक डोंगर, प्रत्येक ओढा आणि प्रत्येक खिंड त्याने नावानिशी काव्यात गोवली. सरोवराजवळच्या एका सुळक्यास त्याने जे नाव दिले, तेच पुढे रूढ झाले. बेन ॲन या नावाने तो सुळका आज ओळखला जातो.

१८१० च्या मे महिन्यात हे काव्य प्रसिद्ध झाले आणि वर्षाच्या आतच त्याच्या २० हजारांहून अधिक प्रती खपल्या. पोर्तुगालमध्ये लढणाऱ्या ब्रिटिश सैन्यात स्कॉटचा एक मित्र कप्तान होता. तोफांचा मारा चालू असता जमिनीवर पडून राहिलेल्या आपल्या शिपायांना त्याने या काव्यातील युद्धाचे वर्णन वाचून दाखविले, अशी हकीकत आहे. पुढे काही वर्षांनी इटलीच्या रोसिनी याने या कथेवर संगीतिका रचली आणि ऑस्ट्रियाच्या शूबर्ट याने एलनच्या गीतांना चाली लावल्या.

परंतु सर्वांत मोठा चमत्कार घडला तो खुद्द सरोवराच्या काठी. त्यापूर्वी येथे प्रवासी अगदीच येत नसत, असे नाही. १८०३ मध्ये कवी वर्ड्‌स्वर्थ आपल्या बहिणीसह येथे येऊन गेला होता. पण असे लोक थोडे. डोंगरी मुलुखातील लोकांनी १७४५ मध्ये राजाविरुद्ध बंड केले होते. ते मोडल्यावर त्यांच्या परंपरागत पोशाखावरही बंदी घालण्यात आली आणि ती १७८२ पर्यंत टिकली. दक्षिणेकडील लोक या मुलुखाकडे भीतीने किंवा तुच्छतेने पाहत. स्कॉटचे काव्य वाचल्यावर हेच लोक हातात पुस्तक घेऊन ट्रॉसॅक्सची वाट धरू लागले. आसपासची प्रत्येक खाणावळ आणि प्रत्येक घर पाहुण्यांनी भरून गेले. टपालाच्या घोड्यांना एवढी मागणी आली, की त्यांवरील कराचे उत्पन्न एकाएकी वाढले. एलनचे बेट कोणते, राजाचा घोडा पडला ती जागा कोणती, हे लोक वाटाड्यांना विचारू लागले. भरलेल्या बंदुकांच्या पहाऱ्यात स्कॉट ज्या खोऱ्यात प्रथम शिरला होता, त्या खोऱ्यात आता बायका-मुलांसह कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली.

काव्यानंतर स्कॉट कादंबरीकडे वळला. १८१४ मध्ये 'वेव्हर्ली' ही त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तीवर लेखकाचे नाव नव्हते. पुढील तेरा वर्षे त्याने आपले नाव गुप्त ठेविले. हवालदाराकडून ऐकलेल्या कथांतून 'रॉब रॉय' ही कादंबरी १८१७ मध्ये जन्मास आली. इतिहासातील काळ जिवंत करणारी कादंबरी कशी लिहावी, याचा धडा साऱ्या युरोपने स्कॉटकडून घेतला. मराठीतील हरि नारायण आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा विचार करतानाही अभ्यासकांना स्कॉटची आठवण होते.

लेखनाच्या उत्पन्नातून स्कॉटने ट्वीड नदीच्या काठी जमीन घेतली आणि तेथे ॲबट्सफर्ड हे आपले घर बांधले. उजाड माळावर त्याने हजारो झाडे लाविली आणि झाडांमधून वाटा काढल्या. त्या काळी बडे जमीनदार आपल्या रानात कोणी पाऊल टाकू नये म्हणून धमकीच्या पाट्या लावीत, इतकेच नव्हे, तर माणसांना पकडणारे सापळेही मांडीत. स्कॉटला हे मुळीच पसंत नव्हते. घराजवळच्या काही वाटा स्त्रियांसाठी राखून ठेविल्या होत्या. एरवी त्याच्या साऱ्या जमिनीत वाटेल त्याने वाटेल तेथे फिरावे, अशी मुभा होती. यामुळे आपले एकही रोपटे कोणी तोडले नाही की कुंपण मोडले नाही, असे तो अभिमानाने सांगे. फाटक्या कपड्यातील लहानग्या बर्न्सला जर जवळच्या रानात मनसोक्त हिंडता आले नसते, तर त्यास काव्य सुचले असते काय, हा विचार त्याच्या मनात वारंवार येई.

असे वैभव चालले असता १८२६ च्या जानेवारीत त्याच्यावर आकाश कोसळले. ज्या छापखान्यात त्याची भागीदारी होती तो छापखाना आणि त्याचे प्रकाशक ही दोन्ही एकदमच बुडाली. स्कॉटच्या अंगावर सुमारे १ लाख २० हजार पौंडांचे कर्ज आले. आजच्या पैशात ही रक्कम कितीतरी पटींनी मोठी भरेल. कायद्याने दिवाळे काढून मोकळे होण्याचा मार्ग त्यास खुला होता. अनेक मित्रांनी मदत देऊ केली. त्याच्या मुलींना हार्प नावाचे तंतुवाद्य शिकविणारा एक गरीब शिक्षक होता. त्याने आपली पाच-सहाशे पौंडांची सारी पुंजी पुढे केली. स्कॉटचे मन भरून आले. पण कोणाचीही मदत त्याने स्वीकारली नाही. आपण लिहावे आणि लेखणीच्या बळावर प्रत्येकाची पै न् पै फेडावी, असे त्याने ठरविले. त्या वेळी त्याचे वय चोपन्न वर्षांचे होते.

एडिंबरोमधील घर विकावे लागले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पत्नी शार्लट मरण पावली. तरीही लेखणी थांबली नाही. भाड्याच्या खोलीत बसून तो दिवसामागून दिवस लिहीत राहिला. नेपोलियनचे नऊ खंडांचे चरित्र त्याने या काळात पुरे केले. दोन वर्षांत सुमारे ४० हजार पौंड त्याने धनकोंच्या हाती ठेविले. याच धामधुमीत त्याने मुलांसाठी एक पुस्तक लिहिले. त्याचा नातू जॉनी हा प्रकृतीने फार नाजूक होता. त्यास बरोबर घेऊन रानातून फिरताना स्कॉट स्कॉटलंडच्या इतिहासातील गोष्टी सांगे आणि मुलास त्या कितपत समजतात, हे पाही. त्या गोष्टींचा पहिला भाग १८२७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. एके काळी शेकोटीशी बसलेल्या आजारी मुलाला आजीने जे दिले होते, ते स्कॉटने आपल्या आजारी नातवाच्या हाती दिले.

१८३० मध्ये अतिश्रमाने त्यास पक्षाघाताचा झटका आला. अधू पाय आता अधिकच जड झाला. फिरावयास जाताना तो आपला रानरक्षक टॉम पर्डी याच्या खांद्यावर हात ठेवून चालत असे. हा टॉम पूर्वी चोरून शिकार करीत असता पकडला जाऊन शेरीफ स्कॉटपुढे उभा राहिला होता. स्कॉटने त्यास शिक्षा करण्याऐवजी चाकरीस ठेविले आणि तो त्याचा जिवलग सेवक झाला. तो मात्र १८२९ मध्येच वारला होता. आता हा खांदाही राहिला नाही. १८३० च्या अखेरीस धनकोंनी कृतज्ञतेने स्कॉटचा ग्रंथसंग्रह आणि घरातील सामान त्यास परत अर्पण केले. पुढील वर्षी सरकारने प्रकृतिस्वास्थ्यासाठी त्यास युद्धनौकेतून भूमध्य समुद्राकडे पाठविले. परंतु त्याचा ओढा घराकडे होता. तो परत आला आणि २१ सप्टेंबर १८३२ रोजी ॲबट्सफर्ड येथे, ट्वीड नदीच्या सान्निध्यात, त्याने देह ठेविला. राहिलेले कर्ज त्याच्या विम्याच्या रकमेतून आणि त्याच्या पुस्तकांच्या उत्पन्नातून पुढे पूर्णपणे फिटले. त्याचा शब्द खरा झाला.

स्कॉट गेला, तरी सरोवराकडे जाणाऱ्यांची रीघ थांबली नाही. १८५९ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते येथे एका मोठ्या कामाचे उद्घाटन झाले. पटकीच्या साथींनी हैराण झालेल्या ग्लासगो शहरास लॉख कॅट्रीनचे स्वच्छ पाणी मिळू लागले. त्यासाठी सुमारे २६ मैलांचा कालव्या-बोगद्यांचा मार्ग खोदावा लागला. सरोवराची पातळी वाढविल्याने स्कॉटने वर्णिलेला काही किनारा पाण्याखाली गेला, पण एलनचे बेट राहिले. १९०० मध्ये सरोवरावर एक आगबोट फिरू लागली. तिचे सुटे भाग डोंगरातून आणून येथे जोडले होते. तिला नाव दिले होते 'सर वॉल्टर स्कॉट'.

२००२ मध्ये हा सारा प्रदेश स्कॉटलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. त्यापुढील वर्षी, २००३ मध्ये, स्कॉटलंडच्या संसदेने एक कायदा संमत केला. कोणाचेही नुकसान न करता जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येक माणसास बहुतेक सर्व रानांतून, डोंगरांतून आणि सरोवरांवरून फिरण्याचा हक्क या कायद्याने दिला. स्कॉटने आपल्या जमिनीपुरती जी रीत पाळली होती, ती जवळजवळ दोनशे वर्षांनी साऱ्या देशाचा कायदा झाली.

आज लॉख कॅट्रीनच्या काठी प्रत्येकाच्या शक्तीप्रमाणे वाट आहे. ज्याच्या पायांत बळ आहे, त्याने बेन ॲनचा खडा चढ चढावा आणि ४५४ मीटर उंचीवरून सारे सरोवर एका दृष्टिक्षेपात पाहावे. ज्यास दिवसभर चालण्याची हौस आहे, त्याने उत्तर तीराने ग्लेनगाईलवरून स्ट्रॉनॅकलॅकरपर्यंत सुमारे तेरा मैल जावे. वाटेत रॉब रॉयच्या कुळातील लोकांचे जुने कबरस्तान लागते. या वाटेवर प्रवाशांच्या मोटारींना मज्जाव असल्याने सायकलवरील मुलेही निर्धास्त फिरतात. आणि ज्यास थोडेच चालता येते किंवा मुळीच चालता येत नाही, त्याच्यासाठी धक्क्याजवळचा या वाटेचा पहिला भाग पक्का आणि बराचसा सपाट आहे. तेथून चाकांची खुर्ची सहज पुढे जाते. थोड्याच अंतरावर झाडांमधून एलनचे बेट दिसू लागते. फांद्या आणि मुळे यांच्या शिडीवरून ज्या खिंडीतून वर चढावे लागे, त्या खिंडीपलीकडचे ते बेट पाहण्यास आता अधू पायांची आडकाठी उरलेली नाही.